पंचवीस पंप मारून ब्रेकची हवा निघत नाही

‘ब्रेकची पाइप काढली म्हणून हवा काढायला गॅरेजला पैसे घालू नका. पाइप परत आवळा, पेडल पंचवीस वेळा मारा, हवा आपोआप वरच्या डब्यात जाते. बाटलीत निघालेलं ऑइल परत ओता.’ हा मेसेज आठवडाभरात माझ्याकडे किती जणांकडून आला! बीडला गॅरेज चालवतो, म्हणून काळजी वाटते. मांजरसुंब्याहून बीडकडे घाट उतरणारी गाडी अशा ब्रेकवर सोडायची नसते.

आधी पंपाचं बघू. पंप मारल्यावर पेडल कडक होतं, हे खरं, आणि माणूस फसतो तो तिथेच. भराभर पंप मारले की ब्रेक ऑइलच्या डब्यातलं जादा ऑइल लाइनमध्ये जातं आणि पेडल वर येतं. दोन मिनिटं पाय काढा, मग दाबून बघा, पुन्हा खाली. ऑइल दाबून आकसत नाही, हवा आकसते. पायाचा जोर तिथेच मुरतो. मास्टर सिलिंडरजवळचे (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो भाग) बारीक बुडबुडे डब्यात येतात, तेवढं मेसेजवाल्याचं बरोबर. पण कॅलिपरमधली, म्हणजे चाकाजवळ ब्रेक आवळणाऱ्या भागातली, हवा येत नाही. एका दाबाला ऑइल जरासं पुढे सरकतं, पाय उचलला की मागे येतं, बुडबुडा लाइनमध्येच राहतो. म्हणून तर हवा काढायचं निपल कॅलिपरच्या माथ्याला असतं. डावा-उजवा कॅलिपर चुकून उलटा बसला की निपल खाली जातं आणि हवा काही निघत नाही; एका गाडीवर आमची अख्खी दुपार त्यात गेली.

शिवाय जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत हाणलं, तर मास्टर सिलिंडरच्या गंजक्या भागावर घासून रबरी सील फाटू शकतं.

जुनं ऑइल ओतायचं तर मुळीच नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 या दर्जाचं नवं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी मुरलं की मानकातली ही मर्यादा 155 वर येते. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल तळाला जातं.

‘पाइप काढली त्याच चाकाची हवा काढा’ असंही कुणी सांगतं. डबा रिकामा झाला नसेल तर तेवढं पुरतं. डबा कोरडा पडला किंवा मास्टर सिलिंडर उघडला, तर चारही चाकं करा, क्रम त्या गाडीच्या पुस्तकातला. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉकमध्ये हवा गेली तर बऱ्याच गाड्यांना गॅरेजमधला कॉम्प्युटर स्कॅनर लावावा लागतो.

घरी करायचंच असेल तर दोघं लागतात. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करून आवळायचं, मगच पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि डबा मधेमधे भरत राहायचा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. पाय हळूहळू खाली जाऊ लागला, तर गाडी हलवू नका; कुठे गळतंय का, मास्टर सिलिंडर आतून ऑइल सोडतोय का, ते शोधा.