‘मॅकच हवा’ या सल्ल्यातला ‘च’

घरी व्हिडिओ संपादन सुरू करू पाहणाऱ्या माणसाला हल्ली एक ठरावीक सल्ला हमखास ऐकायला मिळतो, आणि तो इतक्या हातांतून फिरलेला असतो की मूळ कोणाचा हे विचारण्यात अर्थ उरत नाही. सल्ला असा : ४के (म्हणजे भरपूर बिंदूंचे, अतिशय स्पष्ट) चित्रण सुरळीत संपादित करायचे तर मॅकच घ्यावा लागतो आणि त्यासाठी लाखभर रुपयांची तयारी ठेवावी, मॅकमधली ८ जीबी मेमरी इतरांच्या १६ जीबीइतकी असते, तेव्हा ती पुरते, विंडोजचे यंत्र घेतलेच तर सारा पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर म्हणजे खेळणे, आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा संगणक या कामासाठी भंगारात जमा. मुंजी, सहली आणि सोसायटीचा गणेशोत्सव यांचे चित्रण मी गेली काही वर्षे दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर संपादित करत आलो आहे. या सल्ल्यातले एकही वाक्य जसेच्या तसे टिकत नाही असे माझे मत आहे, मात्र पहिल्या वाक्यात सत्याचा अंश बराच असल्यामुळे तिथूनच सुरुवात करणे रास्त ठरेल.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिप असलेले मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनी आणले, तेव्हा या समजुतीचा पाया घातला गेला, आणि तो पोकळ नव्हता. पंखासुद्धा नसलेल्या एअरवर फोनचे ४के चित्रण टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर, सहज पुढे-मागे सरकवता येत होते, आणि हे त्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये तोवर सर्रास दिसत नव्हते. परंतु हे कशामुळे घडते ते पाहिले की ‘मॅकच’ मधला ‘च’ गळून पडतो. फोन आणि कॅमेरे चित्रण साठवतात ते बहुधा २००३ च्या एच.२६४ किंवा २०१३ च्या एचईव्हीसी या पद्धतीने. यांत ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम, म्हणजे एक अख्खे स्थिर चित्र, लिहिली जाते आणि मधल्या फ्रेममध्ये काय बदलले तेवढीच नोंद होते. जमाखर्चाच्या वहीत ‘मागील पानावरून पुढे’ लिहून रक्कम ओढावी, तसा हा प्रकार असतो. नुसते पाहताना त्याचा जाच होत नाही, कारण पाने क्रमाने उलटली जातात. संपादनात मात्र कुठेही मध्येच उडी मारावी लागते, आणि दर उडीला यंत्राला मागे जाऊन शेवटची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासूनचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हा हिशेब करणारे खास सर्किट चिपमध्ये असेल तर काम हलके होते, नसेल तर तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. असे सर्किट एम१ मध्ये आहे हे खरेच, पण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ते ‘क्विक सिंक’ या नावाने २०११ पासून आहे आणि पिढीगणिक त्याला नवनव्या पद्धती वाचता येऊ लागल्या आहेत.

लाखाचा आकडा तर मॅकच्या बाबतीतही खरा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एम४ मॅक मिनीची भारतातली सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती आणि त्यात १६ जीबी मेमरी होती. पडदा, कळफलक आणि माउस वेगळे घ्यावे लागतात, पण ते बहुतेक घरांत आधीपासूनच पडून असतात. त्यातली २५६ जीबीची साठवण तोकडी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. आयफोनचे साधे एचईव्हीसी ४के चित्रण सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेते, तर तेच प्रोरेझ या संपादनासाठीच्या, कमी दाबलेल्या पद्धतीने केले तर मिनिटाला सुमारे ६ जीबी, म्हणजे पाऊण तासाच्या आत अख्खी डिस्क भरते. त्यावर बाहेरून जोडायची एसएसडी हा उपाय आहे आणि ती अंतर्गत साठवण वाढवून घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

ग्राफिक्स कार्डाचा मुद्दा मी मेमरीच्या आधी घेतो, कारण या एका वाक्यापायी पैसे वाया गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. माझ्या मावसभावाने एका दुकानदाराच्या सल्ल्याने डेस्कटॉप जुळवून घेतला : इंटेल आय५-१२४००एफ हा प्रोसेसर आणि वाचवलेले पैसे घालून एनव्हिडियाचे ३० मालिकेतले दणदणीत कार्ड. त्यावर गेम सुरेख चालत. त्याच्या मिररलेस कॅमेऱ्याचे चित्रण टाइमलाइनवर टाकले की मात्र चित्र थांबत थांबत चाले, आणि साहजिकच ‘तुला सांगितलं होतं, मॅक घे’ असे घरात सुरू झाले. मी विंडोजमधला टास्क मॅनेजर, म्हणजे कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी, उघडून एका बाजूला ठेवला आणि क्लिप चालवली. प्रोसेसरचा आलेख शंभर टक्क्यांना टेकला होता, आणि ग्राफिक्स कार्डाच्या पानावरचा ‘व्हिडिओ डिकोड’ हा आलेख जमिनीला चिकटलेल्या सरळ रेषेसारखा शून्यावर पडून होता.

दोष त्या शेवटच्या ‘एफ’चा होता. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात हे अक्षर आले की त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते, आणि ते नसले की क्विक सिंकही नसते. म्हणून तर तो थोडा स्वस्त मिळतो. कॅमेरा १०-बिट ४:२:२ प्रकारचे एचईव्हीसी लिहीत होता, ज्यात फोनच्या नेहमीच्या ४:२:० चित्रणापेक्षा रंगांची माहिती दुप्पट असते. हा प्रकार वाचणारे सर्किट एनव्हिडियाने घरगुती कार्डांत आणले ते जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. म्हणजे इतके महाग कार्ड असूनही त्याला ती फाइल वाचताच येत नव्हती, आणि बारावीच्या पिढीचा साधा ‘एफ’ नसलेला १२४०० ती आरामात वाचतो. (बारावी पिढी म्हणजे इंटेलची, मावसभाऊ केव्हाच बारावी झाला आहे.) अखेर प्रोसेसर बदलला, बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन अंतर्गत ग्राफिक्स चालू केले, कारण वेगळे कार्ड बसवलेले असले की ते पुष्कळदा आपोआप बंद राहते, आणि तीच क्लिप तोच माणूस त्याच टेबलावर बोटाने सरकवू लागला. ग्राफिक्स कार्ड निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. रंगसुधारणा, चित्रातला रवा (दाणेदार ठिपके) काढणे, इफेक्ट ही कामे त्याच्याच जिवावर होतात. पण आधी फाइल कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे आणि मग ती वाचणारे सर्किट शोधावे, हा क्रम उलटा केला की पैसे भलतीकडेच जातात.

८ जीबी बरोबर १६ जीबी हे समीकरण हवेतून आलेले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलच्याच एका उपाध्यक्षांनी मुलाखतीत त्या अर्थाचे विधान केले होते. मॅकओएस मेमरीतला मजकूर दाबून बसवण्यात तरबेज आहे आणि कमी पडले तर एसएसडीचा आधार पटकन घेते, त्यामुळे पत्रव्यवहार आणि ब्राउझर यांच्यापुरता हा भास टिकतो. व्हिडिओची गोष्ट निराळी आहे. ४के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळपास ८३ लाख बिंदू असतात, आणि रंगांचे गणित ३२-बिट अचूकतेने करायचे तर दर बिंदूला १६ बाइट लागतात. म्हणजे एक फ्रेम सुमारे १३३ एमबीची आणि एका सेकंदाच्या ३० फ्रेम जवळजवळ ४ जीबीच्या. सॉफ्टवेअर त्या सगळ्या एकदम मेमरीत ठेवत नाही, हे खरे; पण हे आकडे दाबून लहान होत नाहीत, आणि मॅकमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स यांची मेमरी एकच असल्यामुळे त्याच ८ जीबीत दोघांना भागवावे लागते. या वादावर ॲपलने स्वतःच ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तर दिले : मॅक मिनी, आयमॅक आणि तेव्हा विक्रीत असलेली मॅकबुक एअर या सगळ्यांची किमान मेमरी १६ जीबीवर नेली, आणि एअरची किंमत तर वाढवलीही नाही.

फुकट सॉफ्टवेअर म्हणजे खेळणे, असे म्हणणाऱ्याने डाविंची रिझॉल्व्ह एकदा तरी उघडलेले नसावे. चित्रपटांची रंगसुधारणा करणारी, एके काळी लाखो डॉलरांना विकली जाणारी ही यंत्रणा ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये विकत घेतली आणि पुढे तिची विनामूल्य आवृत्ती काढली. ती ३८४० गुणिले २१६० आकारापर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट करते, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढून देते, आणि आपल्या चित्रावर शिक्का (वॉटरमार्क) मारत नाही. शिक्का दिसतो तो रवा काढण्यासारखी पैशांची साधने आपण वापरू पाहिली तर. मावसभावाने मात्र २९५ डॉलर एकदाच भरून स्टुडिओ आवृत्ती घेतली, कारण १०-बिट ४:२:२ चित्रणाला विंडोजवर तीच हवी; फोनवर चित्रण करणाऱ्याला तो खर्च करण्याचे कारण नाही. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर तर त्याहून हलकी आहेत. त्यांची रंगांची साधने तोकडी वाटतात, पण वाढदिवसाच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओला त्यांत काही कमी पडल्याचे मला आठवत नाही.

राहिला जुना संगणक. माझा आठ वर्षांचा लॅपटॉप ४के चित्रण सरळ दिले तर दम टाकतो, म्हणून मी त्याच्याशी प्रॉक्सीने वागतो. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची लहान आकाराची, दर फ्रेम पूर्ण लिहिलेली प्रत तयार करते, सगळी कापाकापी त्या प्रतींवर होते, आणि शेवटच्या एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइली आपोआप जागेवर येतात. प्रती तयार व्हायला वेळ लागतो आणि डिस्कवर जागाही जाते, पण त्यानंतर टाइमलाइनवर जुन्या आणि नव्या यंत्रात हाताला फारसा फरक जाणवत नाही. फरक पडतो तो एक्स्पोर्टला : मिनीवर चहा होईपर्यंत उरकणारे काम मी लॅपटॉपवर रात्री लावून झोपतो, आणि सकाळी पंखा शांत झालेला असतो.