फुटाचा भाव घेतला, आता खांबाचेही पैसे आम्हीच द्यायचे?

नागपुरात बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, उमरेड रोड, कुठेही जा, ले-आउटच्या बोर्डावर फुटाचा भाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली ‘रोड, लाइट, नाली, पाणी, सर्व सुविधा’. रजिस्ट्री झाली की त्याच सुविधांचे पैसे एकेक करून मागायला सुरुवात होते. डोकं फिरतं राव! सुविधांसकट भाव सांगून जमीन विकली ना तुम्ही?

आमच्या ले-आउटमधला विजेचा शेवटचा खांब आमच्या प्लॉटच्या दोन गल्ल्या अलीकडेच संपतो. बांधकामासाठी महावितरणकडे मीटरचा अर्ज केला, तर आधी खांब आणि केबलचं एस्टिमेट भरा म्हणाले. एजंटला फोन लावला. तो म्हणतो, ‘‘भाऊ, ट्रान्सफॉर्मरची डीपी तर बसवून दिली ना आम्ही, पुढचं तुमचं तुम्ही पाहा.’’ काहून पाहू मी? ज्या नकाशावर प्लॉट विकला, त्यात माझ्या दारासमोर खांब दाखवलाय आणि खाली तुझ्या मालकाची सही आहे! वर सल्ला काय, तर गल्लीतल्यांनी वर्गणी काढा. गल्लीतले अर्धे प्लॉट गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले, मालक पुण्या-मुंबईला. त्यांना खांबाची कशाला घाई असेल? ज्याला आधी घर बांधायचं त्याने अख्ख्या गल्लीचा खर्च उचलायचा, आणि मागून येणाऱ्यांनी त्याच खांबावरून आरामात तार ओढायची.

आणि हे ‘डेव्हलपमेंट चार्जेस’! एक विकास शुल्क सरकारी असतं, प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे. बांधकामाचा नकाशा मंजूर करताना ते भरावं लागतं, त्याची रीतसर पावती मिळते. ले-आउटवाला त्याच नावाने स्वतःचे वेगळे पैसे उकळतो आणि साध्या कागदावर आकडा खरडून देतो. फुटाला दीडशे रुपये म्हटलं तरी 1500 फुटाच्या प्लॉटला सव्वादोन लाख होतात. त्यातून झालं काय? मुरूम टाकला, रोलर फिरवला, संपलं. खाली आपली काळी माती. पहिल्या पावसात मुरूम तिच्यात गडप झाला आणि गिट्टीचा ट्रक चाकं रुतून दिवसभर तिथेच उभा. गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची लाइन, नाही म्हणून सेप्टिक टँक आमच्या खर्चाने, नळ नाही म्हणून बोअर आमच्या खर्चाने. मग ते सव्वादोन लाख गेले कुठे?

विचारलं की ‘आरएल आहे ना, टेन्शन काय घेता’. आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, त्याने नळाला पाणी येत नाही. शहरात आधी अनधिकृत असलेल्या, ‘1900’ आणि ‘572’ अशा आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या ले-आउटमधल्या लोकांना विचारा, प्लॉट नियमित करायची डिमांड नोट भरूनही रस्त्यासाठी आणि गडरलाइनसाठी किती वर्षं काढली त्यांनी.

कायदा नाही असंही नाही. 500 चौरस मीटरच्या वरचं ले-आउट विकायचं तर महारेराची, म्हणजे बिल्डर-ले-आउटवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तरी टोकन, इसार, ‘थोडे रोखीत द्या’ हे सगळं राजरोस चालू आहे. वीज, पाणी, गडरलाइन प्लॉटच्या हद्दीपर्यंत कोण आणणार, कोणत्या तारखेपर्यंत, नाही आणली तर किती पैसे परत, एवढ्या चार ओळी विक्रीपत्रात लिहा म्हटलं की यांचे चेहरे उतरतात. ‘‘साहेब, सगळेच विश्वासावर घेतात.’’ त्याच विश्वासावर आयुष्यभराचा पीएफ काढून लोक प्लॉट घेतात आणि घर बांधायच्या वेळी हात रिकामे असतात. लाज वाटायला पाहिजे!

मी तक्रार टाकतोय. आमच्या ले-आउटमधल्या ज्यांच्याकडे डेव्हलपमेंटच्या पैशांच्या साध्या कागदावरच्या पावत्या असतील, त्यांनी त्या फेकू नका. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, झेरॉक्स मला द्या. बोर्डाचे फोटोही काढून घ्या, तो उतरवायच्या आत.