मॅन्डोलिन पाहिजे, किसणी नको

मॅन्डोलिन घरी आलं तेव्हा मी आंघोळीला होतो. बाहेर येऊन बघतो तर बायको त्यावर बटाटा घासत होती.

"छान आहे हो," ती म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या खरेदीला 'छान' हा शब्द पहिल्यांदाच लागला. "चार पाती आहेत. वेफर्स काय, लच्छे काय, सगळं होतंय. 649 म्हणजे महाग नाही."

भाज्यांचे पातळ काप पाडायच्या किसणीलाही मॅन्डोलिन म्हणतात, हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, पंचा गुंडाळलेल्या अवस्थेत कळलं. खरं म्हणजे किमतीवरूनच शंका यायला हवी होती. 649 रुपयांत वाद्य कुठलं येतंय? खुळखुळा येतो. परत पाठवू म्हटलं तर तोवर दोन किलो बटाटे चिरून झाले होते.

हे वेड 1995 सालचं. त्या वर्षी मोहरीच्या शेतात एक हिरो मॅन्डोलिन घेऊन उभा राहिला. वर्गातल्या पोरांनी त्याचं जाकीट शिवून घेतलं, काहींनी हात पसरून उभं राहायची सवय लावून घेतली. माझ्या डोक्यात मात्र ते वाद्य बसलं. पुढे कळलं की हिंदी सिनेमात ते कधीपासूनचं आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मुळात मॅन्डोलिनवाले. संगीतकार सज्जाद हुसेन तर त्यावर राग वाजवायचे, मींडेसकट, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत! पडद्यांच्या वाद्यावर मींड काढणं म्हणजे जिन्यावरून घसरगुंडी खेळणं. नोकरी, कर्ज, मुलीचं शिक्षण यांतून मोकळा झालो आणि ठरवलं, आता घ्यायचं.

सुरुवात पुण्यातूनच केली. पेठेतल्या एका दुकानात काचेआड एक मॅन्डोलिन टांगलेलं दिसलं.

"ते दाखवता का?"

"दिसतंय ना?"

"म्हणजे हातात..."

"वाजवता येतं का?"

"अजून नाही."

"मग हातात घेऊन काय करणार?"

या तर्काला उत्तर नव्हतं. नाही म्हटलं तरी किंमत विचारली. ते विकायचं नसून शोभेला लावलंय, असं कळलं. मी बाहेर पडलो. पायरीवरून उतरताना मागून, "येतं झालं की या," असंही ऐकू आलं.

कुणीतरी म्हणालं, वाद्यच घ्यायचं तर मिरजेला जा. बरोबरच आहे. मिरजेचे सतारमेकर दीडेकशे वर्षांहून जास्त काळ तंबोरे आणि सतारी घडवताहेत. 2024 मध्ये तर तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी पहाटेच्या गाडीने गेलो. गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंना भोपळेच भोपळे. मंगळवेढा-पंढरपूरकडचे, वाळवलेले, कोरलेले, अर्धे कापलेले. एका दुकानात वयस्क कारागीर मांडीवर तंबोरा घेऊन जवारी काढत बसले होते. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, पटाशी हलकेच फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा फिरवायची. मी पाऊण तास नुसता बघत उभा राहिलो. एवढ्या वेळात त्यांनी घोडीवरून जेवढं खरवडलं ते चिमटीतही मावलं नसतं.

मग त्यांनी मान वर केली. "बसा की. काय पायजे?"

"मॅन्डोलिन."

पटाशी थांबली. दुखवट्याला गेल्यावर जशी शांतता असते, तशी पसरली. "त्याला भोपळा नसतोय," ते हळूच म्हणाले. जणू त्या वाद्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे, उगाच चारचौघांत कशाला बोलायचं. मग चहा मागवला. चहा संपेपर्यंत माझा आवाज काळी चारमध्ये बसतो, हे त्यांनी बोलण्यावरूनच ओळखलं होतं आणि मला तंबोऱ्याचं माप सांगून झालं होतं. तिथून तंबोरा न घेता बाहेर पडलो, ही माझ्या निग्रहाची आयुष्यातली सर्वोच्च पातळी.

पुढचा प्रयत्न परदेशात. भाची जर्मनीत असते. ती इटलीला फिरायला निघालीय कळल्यावर मी तिला नेपल्सला जाच म्हणालो. आज आपण ओळखतो ते मॅन्डोलिन अठराव्या शतकात नेपल्सलाच घडलं. विनाचिया घराण्याचं नाव त्यात मोठं. तिथे संगीत विद्यालयाशेजारच्या सान सेबास्तियानो नावाच्या गल्लीत वाद्यांची दुकानं आहेत, हेही तिला पाठ करून दिलं. तिने दुकानातून व्हिडिओ कॉल केला.

"मामा, याची पाठ अर्ध्या कलिंगडासारखी आहे!"

"तसंच असतं नेपल्सचं. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून करतात. सपाट पाठीचं पुढे अमेरिकेत आलं. किंमत?"

तिने किंमत सांगितली. मी म्हटलं, युरोत ना? ती म्हणाली, हो. मी मनातल्या मनात गुणाकार केला. मग तिला पिझ्झा कसा आहे ते विचारलं.

चेन्नईचंही मनात होतं. यू. श्रीनिवास यांनी मॅन्डोलिनवर कर्नाटक संगीत उभं केलं ते तिथेच. ऑफिसातल्या अय्यरसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यांचं इलेक्ट्रिक होतं आणि तारा पाच. तुमचं आठ तारांचं नेऊन तिथे दाखवू नका." तो विषय तिथेच मिटला.

अशात मला मॅन्डोलिनच्या इतिहासातली सर्वांत उत्साहवर्धक हकीकत सापडली. अमेरिकेतला बिल मन्रो, ब्लूग्रास संगीताचा जनक म्हणतात तो. त्याचं ते जगप्रसिद्ध 1923 सालचं गिब्सन कंपनीचं मॅन्डोलिन त्याला 1940 च्या दशकात मायामी शहरात मिळालं. कुठे? न्हाव्याच्या दुकानात! दीडशे डॉलरला. 1985 मध्ये कुणीतरी त्याच्या घरात घुसून सळईने त्या मॅन्डोलिनचे तुकडे तुकडे केले, तर गिब्सनच्या कारखान्याने ते तुकडे जुळवून पुन्हा वाजतं केलं. म्हणजे पेठ नाही, मिरज नाही, नेपल्स नाही. आपण चुकीच्या दुकानांत शिरत होतो.

रविवारी संतोषच्या सलूनमध्ये गेलो. दाढीचा फेस तोंडावर असतानाच विचारलं, "संतोष, तुझ्याकडे मॅन्डोलिन आहे का रे?"

त्याने वस्तरा गळ्यापासून जरा लांब नेला. "काय असतं काका ते?"

"तारांचं वाद्य. एवढंसं."

"बँजो! आमच्या मंडळाच्या पार्टीत आहे ना. विसर्जनाला काय वाजतो!" बँजो म्हणजे आपलं ते टाइपरायटरसारखी बटणं असलेलं बुलबुलतरंग. मी 'नव्हे' म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडात फेस गेला.

शेवटी योग आला तो कोलकात्याला. साडूच्या मुलाचं लग्न होतं. हळदीचा कार्यक्रम बुडवून मी लालबाजारला पोचलो. रवींद्र सरणीच्या त्या टोकाला वाद्यांची दुकानं दाटीवाटीने उभी आहेत. इथे पहिल्यांदा कुणी मला 'वाजवता येतं का' विचारलं नाही. दादांनी धडाधड पाच मॅन्डोलिनं काउंटरवर मांडली. मी घोकून गेलो होतो: मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघायचं, खुंट्या फिरवून बघायच्या, बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागतो का ऐकायचं. पहिल्याची मान धनुष्यासारखी. दुसऱ्याच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच, की खालून उंदीर मान न वाकवता गेला असता. तिसरं बरं वाटलं. बाराव्या पडद्यावरचा सूर जरासा चढा होता. पण दादा म्हणाले, "होये जाबे," आणि ते इतक्या प्रेमाने म्हणाले की मला वाटलं, होईल. साडेचार हजार मोजले. आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये वरच्या बर्थवर ते झोपलं, मी बत्तीस-तेहेतीस तास त्याच्या पायथ्याशी बसून पुण्याला आलो.

घरी आल्यावर ते पुसून लख्ख करावं म्हणून आठही तारा एकदम काढल्या. टप्प असा आवाज झाला आणि घोडी माझ्या पायाशी पडली. मॅन्डोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर उभी असते. हे ज्ञानही मला किसणीसारखंच, वस्तू हातात आल्यावर झालं. पुन्हा कुठे बसवायची? मी अंदाजाने बसवली. आठ तारा चढवल्या. दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक पुढची जोडी आधीच्या जोडीच्या पंचमाला. एक जोडी जुळेपर्यंत आधीची उतरायची. बोटांना करकोचे पडले. तीन रात्री असं चाललं. चौथ्या रात्री वरच्या मजल्यावरच्या देशपांडेकाकूंनी 'कुणाला बरं नाहीये का' म्हणून निरोप पाठवला.

शेवटी संतोष आपल्या पार्टीच्या बँजो मास्तरांना घेऊन आला. मास्तर सहा फुटी, कपाळाला गुलाल लागल्यासारखे कायम लालसर. त्यांनी वाद्य आडवंतिडवं पाहिलं आणि संतोषकडे हात पसरला. "दोरा दे." संतोषने खिशातून गालावरची लव काढायचा दोरा काढला. मास्तरांनी तो मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत ताणला, चिमटीत धरून दुप्पट केला, आणि जिथे टोक आलं तिथे घोडी सरकवली. अर्ध्या बोटाचा फरक. पाऊण तासात आठही तारा लागल्या. मग मास्तरांनी विसर्जनाची एक चाल अशी काही छेडली की माझ्याच घरात मला उठून नाचावंसं वाटलं.

"काका, गणपतीत दहा दिवस देता का? भाडं देऊ."

मी विचार करतो म्हटलं. तेवढ्यात बायको बशी घेऊन आली. मास्तरांनी मूठभर वेफर्स तोंडात टाकले.

"काकू, एक नंबर! कुठले?"

"घरचेच. मॅन्डोलिनवर केलेत."

मास्तर चावायचे थांबले. हातातलं वाद्य त्यांनी उलटं करून खालून नीट बघितलं.