‘वैमानिकांना पाठीशी घालताय’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतोय.

ठरवून दिलेली उंची ओलांडून वर निघून जाणाऱ्या प्रवासी विमानांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं असं: यंत्र सांगितलं तेवढंच करतं, विमान थांबलं नाही म्हणजे वैमानिकाचं लक्ष नव्हतं, हाताने विमान चालवणाऱ्या पिढीत असं घडत नव्हतं, आणि अशांना पाठीशी घालण्यापेक्षा त्यांची लायसन्स काढून घ्यावीत.

यंत्र सांगितलं तेवढंच करतं, हे शंभर टक्के खरं. घोळ होतो तो नेमका त्यामुळेच. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या एव्हरेट पामर यांनी १९९५ मध्ये मांडलेला एमडी-८८ विमानाचा प्रसंग बघा. सिम्युलेटरमधला आहे, पण आत बसलेले वैमानिक खरे. २१०० फुटांवर असताना आदेश येतो, ५००० फुटांवर जा. कॅप्टन ऑटोपायलटच्या पॅनेलवर, उंची लावायच्या चौकटीत ५००० लावतो, म्हणजे त्या उंचीवर थांबायची तयारी यंत्राने करून ठेवली. ४००० च्या आसपास तो चढण्याची पद्धत बदलणारं एक बटण दाबतो. तीन सेकंदांनी ऑटोपायलट आपणहून ‘उंची पकडण्याच्या’ मोडमध्ये (म्हणजे काम करण्याच्या पद्धतीत) जातो, विमान सरळ करायला घेतो. आणि त्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागात कॅप्टनचं बोट चढण्याचा वेग ठरवणाऱ्या चाकावर फिरतं: मिनिटाला सुमारे ४००० फूट.

यंत्राच्या लेखी हा नवा हुकूम. उंची पकडणं रद्द, या वेगाने चढत राहा. कुठवर? ते कोणी सांगितलंच नाही. बरं, स्क्रीनवरची ‘या उंचीवर थांबायची तयारी आहे’ ही खूण तर पकड सुरू झाली की नेहमीच पुसली जाते. म्हणजे ती जागा सगळं ठीक असतानाही कोरी आणि सगळं बिघडल्यावरही कोरी. शेजारच्या चौकटीत मोडचं नाव तेवढं बदललेलं. ५००० ओलांडताना कॅप्टन म्हणाला, अरेच्चा, हे आर्म (म्हणजे थांबायला तयार) झालंच नाही! झालं होतं, त्याच्याच बोटाने सुटलं. विमान सुमारे ५५०० वर सरळ झालं. वर-खाली जाणाऱ्या दोन विमानांत साधारण १००० फुटांचं अंतर राखतात. त्यातलं निम्मं गेलं.

यात आळस कुठे दिसला तुम्हाला? हा माणूस हात बांधून बसला नव्हता. उलट, त्या क्षणी त्याने चाकाला हात लावला नसता तर विमान गुमान ५००० वर थांबलं असतं.

तुमच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो, कारण ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. २९ डिसेंबर १९७२, मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१. पुढचं चाक नीट बाहेर आलंय हे दाखवणारा दिवा लागेना, म्हणून कॉकपिटमधले सगळे त्या बल्बच्या मागे. ऑटोपायलटने धरलेली २००० फुटांची उंची कधी सुटली, कोणाला पत्ताच नाही. इशाऱ्याची घंटी वाजली, ती फ्लाइट इंजिनिअरच्या जागेपाशी, आणि तो खाली चाक बघायला उतरलेला. विमान कोसळलं, १०१ माणसं गेली. तिथे लक्ष नव्हतं, हे तपास अहवालातही आहे आणि मलाही मान्य. पण म्हणून प्रत्येक घटनेला तीच फूटपट्टी लावायची?

हाताने चालवणाऱ्यांचं म्हणाल तर आपल्या हरयाणातल्या चरखी दादरीची आठवण करून देतो. १२ नोव्हेंबर १९९६. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं आणि १४,००० वर असलेल्या सौदी जम्बोला धडकलं. ३४९ मृत्यू. चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगापुढे आलं ते कझाक वैमानिकांचं कच्चं इंग्रजी आणि कॉकपिटमधला विस्कळीतपणा. दिल्लीच्या हवाई नियंत्रकांशी बोलणाऱ्या त्यांच्या रेडिओ ऑपरेटरसमोर उंची दाखवणारं स्वतःचं यंत्रसुद्धा नव्हतं, वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावायचं. मोडबिडचा तिथे प्रश्नच नव्हता.

शिवाय आज ऑटोपायलट बंद ठेवा म्हणून चालत नाही. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमानं एकमेकांपासून हजार फुटांवर उडवायची तर उंची आपोआप राखणारी यंत्रणा चालू असणं नियमानेच सक्तीचं आहे. तासन्‌तास इतकी नेमकी उंची हाताने राखणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

मग करायचं काय? जे करतात ते दिसायला फार किरकोळ आहे. नवी उंची लावली की दोघांनीही तिच्याकडे बोट दाखवायचं. मोड बदलला की स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचायचं, बटण दाबलं होतं यावर विश्वास ठेवायचा नाही. हजार फूट उरले की तसं बोलायचं, आणि जवळपास दुसरं विमान असेल तर त्या शेवटच्या हजारात चढण्याचा वेग मिनिटाला १५०० फुटांच्या आत आणायचा. कंटाळवाणं आहे, रोज करायचं म्हणजे जास्तच. ज्या कॉकपिटमध्ये हे सुटतं तिथल्या वैमानिकांना तुम्ही खुशाल झापा, मी मध्ये पडणार नाही.

लायसन्स काढून घेण्याला मात्र माझा ठाम विरोध. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका नासाकडे गुप्तपणे कळवतात. शिक्षा करू शकणाऱ्या विमान वाहतूक नियामकाकडे नाही, मुद्दाम नासाकडे. नावं काढून टाकली जातात. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर, काही अटींवर, शिक्षा टळते. उंची हुकल्याच्या ढिगाने तक्रारी तिथे वैमानिकांनी स्वतःच्याच विरुद्ध लिहिल्या आहेत. लायसन्स जाणार म्हटल्यावर यातली एक तरी कोणी लिहिली असती का, हे तुम्हीच सांगा.