‘घड्याळं तिजोरीत पडून आहेत’ हे खरं नाही

महागड्या स्विस घड्याळांच्या वेटिंग लिस्टबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: टंचाई बनावट आहे, माल तिजोरीत पडून असतो, दुकानदाराला तारीख ठाऊक असते, पण तो सांगत नाही, त्याच्याकडून आधी दुसरं काही घेतलं की नंबर लागतोच, आणि घड्याळ हाती आलं की नफा ठरलेला. त्यामागचा राग मला समजतो. वर्षानुवर्षं फोनची वाट पाहणाऱ्याला कुणी धड उत्तर देत नाही, हे वाईटच. पण कारण चुकीचं धरलं की पैसाही चुकीच्या जागी जातो.

आधी टंचाई. रोलेक्स उत्पादनाचे आकडे जाहीर करत नाही, पण अभ्यासकांचे अंदाज वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातात. म्हणजे घड्याळं थोडी बनतात असं नाही. मागणी मोजक्या मॉडेलांवर तुटून पडते, उदाहरणार्थ स्टीलची डेटोना. मग उत्पादन वाढवत का नाहीत? वाढवताहेत, पण कारखाना आणि कसबी हात एका वर्षात उभे राहत नाहीत. रोलेक्सने स्वित्झर्लंडमधल्या ब्यूल इथल्या सुमारे १ अब्ज फ्रँकच्या नव्या कारखान्याची घोषणा २०२२ मध्ये केली आणि तो सुरू व्हायचं वर्ष सांगितलं २०२९. माल दाबून ठेवणारा एवढा खर्च कशाला करेल? शिवाय या धंद्याने एकदा जबर मार खाल्लेला आहे. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात ९० हजारांच्या आसपास माणसं होती. क्वार्ट्‌झ (बॅटरीवर चालणारी) घड्याळं आल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीसेक हजार उरली. त्यामुळे उत्पादन वाढवताना कंपन्या हात आखडता ठेवतात, यात मला नवल वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पाटेक फिलिप ही दुसरी स्विस कंपनी स्टीलच्या घड्याळांचं प्रमाण जाणूनबुजून मर्यादित ठेवते आणि ते उघड सांगते. प्रचंड मागणी असलेलं नॉटिलस ५७११ तिने २०२१ मध्ये बंद करायला घेतलं. पण कमी बनवणं वेगळं आणि बनवून लपवणं वेगळं.

आता तारीख. सगळा गोंधळ ‘लिस्ट’ या शब्दाने केला आहे. ही रेशनची रांग नव्हे, की पुढचा हलला की मागचा एक पाऊल सरकला. ही इच्छुकांची नोंदवही आहे. एकच माणूस चार दुकानांत नाव देतो, कुणी मधेच विचार बदलतो, कुणी फोन आल्यावर नको म्हणतो. त्यामुळे वहीत शंभर नावं आहेत एवढ्यावरून काहीच कळत नाही. शिवाय माल कंपनी वाटून देते. कोणतं मॉडेल, कोणत्या रंगाची डायल, किती नग, हे दुकानदाराच्या हातात नसतं आणि त्याला ते फार आधी कळतही नाही. ‘सहा महिन्यांत मिळेल’ असं छातीठोक सांगणाऱ्या विक्रेत्यापेक्षा ‘सांगता येत नाही’ म्हणणारा मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्याने एवढं मात्र सांगायलाच हवं, की गेल्या वर्षात हे मॉडेल त्याच्याकडे साधारण किती आलं. ते तो टाळत असेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

आधीच्या खरेदीबद्दल थोडक्यात: नेहमीच्या गिऱ्हाइकाला झुकतं माप मिळतं, हे खरं. पण लेखी हमी कुणी देत नाही. नको असलेला दागिना केवळ नंबरासाठी घेऊ नका.

राहिला नफा. वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात भाव २०२२ च्या सुरुवातीला शिगेला पोचले आणि मग घसरत गेले. तेव्हा चढ्या भावाने घेणारे अनेकजण तोट्यात गेले. ज्याला खरंच घालायला हवं आहे आणि थांबवत नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे: डिसेंबर २०२२ पासून काही अधिकृत दुकानांत रोलेक्सने तपासून प्रमाणित केलेली वापरलेली घड्याळं मिळतात. भाव नव्याहूनही जास्त असू शकतो, पण घड्याळ समोर असतं आणि त्याच दिवशी मनगटावर येतं.