"पोराला १४ व्या वर्षीच युरोपला पाठवा" : त्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊ

गेल्या आठवड्यापासून सोलापुरातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, पार्क मैदानावर सकाळी खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर तर दोनदा आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सोलापूरचा १६ वर्षांचा पोरगा जर्मनीत प्रोफेशनल फुटबॉलर झाला, तुमचा मुलगापण होऊ शकतो. जायचं वय १३ ते १६, १८ नंतर दारं बंद, मेस्सी बघा १३ व्या वर्षी गेला. टुरिस्ट व्हिसावर जायचं, ट्रायल द्यायची, क्लबने घेतलं की व्हिसा तिथंच बदलून मिळतो. खालच्या डिव्हिजनमध्येसुद्धा लाखांत पगार. पाच वर्षांत युरोपचा पासपोर्ट, आणि इंडियाकडून खेळायचा चान्स आहेच. सगळं फिफा-मान्य, फी सात लाख, रविवारी सेमिनार. खाली हात जोडलेले इमोजी आणि "जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा".

माझा भाचा जर्मनीत फुटबॉल खेळतो हे ओळखीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळं मेसेज आल्या दिवसापासून फोन सुरू झाले, "काय बे, तुझा भाचाच ना तो?" तो नाही. माझा भाचा १६ चा आहे आणि जर्मनीत आहे एवढंच जुळतं. तो तिथं गेला कारण दाजींना श्टुटगार्टजवळ नोकरी लागली, ताई गेली, पोरगं अकरा वर्षांचं होतं, तेपण गेलं. आता तो गावच्या क्लबच्या सतराखालच्या टीममध्ये राइट बॅक खेळतो. प्रोफेशनल व्हायचंय त्याला, मनापासून व्हायचंय, पण अजून झालेला नाही. मेसेजमधला तो दुसरा पोरगा कोण, कुठल्या क्लबात, हे मेसेजमध्ये नाही. क्लबचं नाव नसलेला प्रोफेशनल फुटबॉलर मी पहिल्यांदाच बघतोय.

आता वयाचं. मेसेजमधली सगळ्यात खोटी गोष्ट हीच, आणि सगळ्यात धोकादायकपण हीच. फिफा म्हणजे जगभरचं फुटबॉल चालवणारी संघटना, तिच्या ट्रान्सफरच्या (क्लब बदलण्याच्या) नियमांत कलम १९ आहे. ते सरळ सांगतं की एका देशातून दुसऱ्या देशात खेळाडूची ट्रान्सफर १८ पूर्ण झाल्यावरच. म्हणजे मेसेज म्हणतो १८ ला दार बंद होतं, आणि नियम म्हणतो १८ ला दार उघडतं. अपवाद आहेत, पण मोजके. आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील तर चालतं (भाच्याची केस ही). युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८ च्या पोरांना शिक्षणाच्या वगैरे अटींवर चालतं. पोरगं निर्वासित म्हणून आलं असेल तर, शाळेच्या एक्स्चेंज प्रोग्रॅमवर असेल तर, असे अजून थोडे. एक अपवाद बॉर्डरजवळ राहणाऱ्यांसाठी आहे, घर बॉर्डरपासून ५० किलोमीटरच्या आत पाहिजे आणि पलीकडचा क्लबपण तेवढ्यातच पाहिजे. आपल्याला सोलापुरातून जवळ पडते ती कर्नाटकची बॉर्डर, ती फिफा धरत नाही.

"मग मेस्सी?" मेस्सी बार्सिलोनाला गेला २००० साली, बापाबरोबर. लहान पोरांसाठीचे हे नियम आले २००१ मध्ये, म्हणजे मेस्सीचं उदाहरण देणारा माणूस नियम यायच्या आधीचं उदाहरण देतोय. आणि नियम आल्यावर त्याच बार्सिलोनाचं काय झालं तेपण बघा की. परदेशातली अल्पवयीन पोरं नियम मोडून घेतली म्हणून फिफाने २०१४ मध्ये त्यांच्यावर दोन ट्रान्सफर विंडोंची (खेळाडू घ्यायच्या ठरलेल्या मुदतींची) बंदी घातली, २०१५ चं अख्खं वर्ष नवीन खेळाडू रजिस्टर करता आला नाही. त्यात भरडली गेली पोरं. जपानचा ताकेफुसा कुबो दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत गेलेला, मॅच खेळता येईना म्हणून २०१५ मध्ये परत जपानला आला, तिथं खेळत राहिला आणि १८ पूर्ण झाल्या झाल्या २०१९ मध्ये रेआल माद्रिदने घेतला. कोरियाचा ली सुंग-वू बार्सिलोनातच थांबला तर १८ होईपर्यंत त्याला ऑफिशियल मॅच नाही. बार्सिलोनासारख्या क्लबला, त्यांच्या वकिलांच्या फौजेला जे जमलं नाही ते हा सेमिनारवाला सात लाखांत करून देणार आहे म्हणे.

नियम का आला हेपण ऐका, कारण "फिफा गरिबांच्या पोरांना अडवतं" असंही कुणीतरी ग्रुपवर लिहिलंय. नव्वदच्या दशकात आफ्रिकेतून पोरं अशीच पैसे भरून फ्रान्स, बेल्जियमला नेली जायची, ट्रायल फसली की एजंट गायब, पोरगं रस्त्यावर, घरी फोन करायची लाज कारण बापाने जमीन विकलेली असायची. कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद अंबूमँ यांनी २००० मध्ये पॅरिसला अशा पोरांसाठी फुट सॉलिडेर नावाची संस्था काढली ती यामुळंच. आणि हे जुनं झालं असं समजू नका, २०२३ च्या जूनमध्ये पोर्तुगालच्या उत्तरेत एका फुटबॉल अकादमीवर छापा पडला, दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशियातून आणलेली पोरं तिथं सापडली, बरीचशी अल्पवयीन, आणि तपास मानवी तस्करीचा लागला.

मेसेजवाल्याला खरंच परदेशात वाढलेला पोरगा दाखवायचा होता तर अल्फोन्सो डेव्हिस दाखवायचा. घानाच्या निर्वासित छावणीत २००० साली जन्म, आईबाप लायबेरियाचे, पाच वर्षांचा असताना कुटुंब कॅनडाला गेलं, एडमंटनला शाळेनंतरच्या फुकट लीगमध्ये खेळायला लागला, चौदाव्या वर्षी व्हँकुव्हरच्या क्लबमध्ये, २०१७ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व. बायर्न म्युनिकने २०१८ च्या उन्हाळ्यातच डील केली, पण पोरगा म्युनिकला गेला तो नोव्हेंबरमध्ये १८ पूर्ण झाल्यावर, जानेवारी २०१९ ला. म्हणजे बायर्नपण थांबलं. आणि त्या घराने स्थलांतर केलं ते युद्धापायी, फुटबॉलपायी नाही. आपल्या पूर्व भागात तेलंगणातून आलेली घरं जशी मागाच्या कामासाठी आली आणि मग पोरं इथल्या शाळेत, इथल्या मैदानात वाढली, तसंच.

भाच्याचं सांगतो म्हणजे कळेल की कागद कुठं कुठं लागतात. गावचा क्लब आहे हो तो, टीममध्ये बेकरीवाल्याचा पोरगा, डॉक्टरचा पोरगा असले सगळे, तरीपण याला पहिली ऑफिशियल मॅच खेळायला कित्येक आठवडे बसून राहावं लागलं. दहा वर्षांच्या वरचं पोरगं दुसऱ्या देशातून आलं की आधी कुठं रजिस्टर होतं का ते तपासतात, जन्मदाखला, पासपोर्ट, आईवडिलांचे राहण्याचे परवाने, दाजींच्या कंपनीचं पत्र, भारतात कुठल्या क्लबकडून खेळला होता का याचं लेखी, एवढं सगळं. हे सगळं का, तर कुटुंब फुटबॉलसाठी आलेलं नाही हे दाखवायला. मागच्या वर्षी त्याला जरा मोठ्या क्लबने ट्रायलला बोलावलं, काही दिवस प्रॅक्टिसला ठेवलं आणि वर्षभराने परत बघू म्हणाले. पोरगं दोन दिवस जेवलं नाही नीट, ताई फोनवर रडली. पण ट्रायलचे पैसे? एक युरो कुणी मागितला नाही. क्लबला पोरगा हवा असेल तर क्लब बोलावतो, बापाकडून फी घेत नाही.

टुरिस्ट व्हिसा. शेंगेन (म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच) टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, फिरता येतं, काम करता येत नाही. "तिथंच बदलून मिळतो" हे आपल्यासाठी खरं नाही, नोकरीचा लाँग-टर्म व्हिसा इथून काढावा लागतो, आपल्या भागाला जर्मनीसाठी मुंबईचं कॉन्सुलेट. नव्वद दिवस संपले आणि पोरगं तिथंच राहिलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर ते भूत बसतं.

आणि "खालच्या डिव्हिजनमध्ये पगार" हे तर मला भारीच वाटलं, कारण तिथं गणितच उलटं आहे. जर्मनीत युरोपबाहेरच्या खेळाडूला प्रोफेशनल म्हणून परवाना द्यायला अट अशी की पगार पेन्शन विम्याच्या पगारमर्यादेच्या (जेवढ्या पगारापर्यंत पेन्शनचा हप्ता कापतात त्या रकमेच्या) किमान निम्मा पाहिजे, आज तो महिन्याला चार हजार युरोच्या वर जातो, शिवाय तिथल्या फुटबॉल फेडरेशनने खेळाडूच्या दर्जाची खात्री द्यायची. पाचव्या-सहाव्या डिव्हिजनचे क्लब बहुतेकांना पेट्रोलचे पैसे आणि मॅचचा थोडा बोनस देतात, ते चार हजार कुठून देणार? म्हणजे जो क्लब तुमच्या पोराला सहज घेईल त्याच्याकडून व्हिसा निघत नाही, आणि ज्याच्याकडून व्हिसा निघतो तो सहज घेत नाही. १८ नंतर शिक्षणाच्या किंवा आउसबिल्डुंगच्या (काम करत शिकायच्या ट्रेनिंगच्या) व्हिसावर जाऊन संध्याकाळी हौशी क्लबात खेळणं हा खरा रस्ता आहे, त्यात काही चूक नाही, फक्त त्याला प्रोफेशनल करिअर म्हणून विकू नका.

इंग्लंडचं तर बोलायलाच नको. २०२१ पासून तिथल्या क्लबांना १८ च्या आतला परदेशी खेळाडू घेताच येत नाही, आणि वरच्यांना पॉइंट्स लागतात, ज्यात तुमच्या देशाच्या टीमचं रँकिंग मोजतात. आपलं रँकिंग शंभरच्या बाहेर. भारताचा स्टार स्ट्रायकर सुनील छेत्री, त्याला २००९ मध्ये लंडनच्या क्यूपीआर क्लबने घ्यायचं ठरवलं होतं, वर्क परमिट नाकारलं ते याच कारणाने. छेत्रीला!

तरी १८ नंतर गेलेले आपले आहेत की. गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये २२ व्या वर्षी नॉर्वेच्या स्टाबेकला गेला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या क्वालिफायरमध्ये खेळला. मनीषा कल्याण विशीत सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सला गेली तेव्हा तिशीला टेकलेली. सगळ्यांनी आधी भारतात सीनियर लेव्हलला, देशाच्या टीममध्ये दाखवून दिलं होतं. आणि हो, दोन पोरी आहेत यात, मेसेजमध्ये मात्र "मुलगा, मुलगा, मुलगा".

"फिफा-मान्य" या शब्दावर बरेच जण भुललेत. फिफा कुठल्या सेमिनारला मान्यता देत नाही. फिफा लायसन देतं एजंटला, परीक्षा घेऊन, ऑक्टोबर २०२३ पासून ते सक्तीचं आहे आणि लायसनवाल्यांची यादी फिफाच्या साइटवर कुणालाही दिसते. अल्पवयीन पोरांसाठी वेगळा कोर्स आणि पालकांची लेखी परवानगी लागते, आणि एजंटची कमाई काँट्रॅक्टमधून होते, लहान पोराच्या बाबतीत तर त्याचं प्रोफेशनल काँट्रॅक्ट होतंय तेव्हाच. उद्या हे लोक म्हणतील की आम्ही फुटबॉल एजंट नाही, परदेशी नोकरीचे एजंट आहोत, तर त्यांच्यासाठी आपल्या सरकारचा नियम आहे, रजिस्टर्ड रिक्रूटिंग एजंटने ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घ्यायचं. सात लाख कशात बसतात ते त्यांनाच विचारा.

शेवटचा मुद्दा पासपोर्टचा, आमच्या घरात यावरून रोज वाद चालू आहे त्यामुळं हे मला पाठ झालंय. जर्मनीने जून २०२४ पासून पाच वर्षांवर नागरिकत्वाचा अर्ज करता येईल असं केलं, दुसरा पासपोर्टपण ठेवू देतात. पण भारत ठेवू देत नाही. जर्मन झालात की भारतीय नागरिकत्व गेलं, आणि भारताच्या टीममध्ये फक्त भारतीय पासपोर्टवाले, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) चालत नाही. जपानमध्ये जन्मलेल्या, वडील भारतीय असलेल्या अराता इझुमीला भारताकडून २०१३ मध्ये खेळायला मिळालं ते जपानचं नागरिकत्व सोडल्यावर. म्हणजे मेसेजमधली दोन्ही आश्वासनं एकदम पूर्ण होऊच शकत नाहीत. भाच्याला क्लबांसाठी जर्मन पासपोर्ट सोयीचा, त्याला तोच पाहिजे. माझ्या आईचं म्हणणं नातवाने भारताच्या निळ्या जर्सीत खेळावं. दाजी दोघांनाही हो म्हणतात.

रविवारी सेमिनारला जाणारच असाल तर जा, चहा पिऊन या, पण पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा: एजंटचा फिफा लायसन नंबर, ज्या क्लबने बोलावलंय त्याच्या लेटरहेडवर तुमच्या पोराच्या नावाचं पत्र, आणि तुमचं पोरगं कलम १९ च्या नेमक्या कुठल्या अपवादात बसतं ते. आणि घरबसल्या फुकटात होणारं काम म्हणजे पोराचं एआयएफएफच्या (भारताच्या फुटबॉल फेडरेशनच्या) सीआरएस या ऑनलाइन नोंदणी सिस्टीममध्ये क्लबमार्फत रजिस्ट्रेशन झालंय का ते बघा. १२ व्या वर्षापासूनची ती नोंद पुढं त्याच्या प्लेयर पासपोर्टमध्ये (कधी कुठल्या क्लबात होता त्याच्या यादीत) धरतात, आणि पोरगा खरंच मोठा झाला तर त्याला शिकवलेल्या इथल्या क्लबलाही त्यातून पैसे मिळतात, पहाटे साडेपाचला पार्कवर कोन मांडणाऱ्या सरांना कुणीतरी काहीतरी दिलं पाहिजेच. सेमिनारवाल्यांनी जे लेखी दिलं त्याचा फोटो ग्रुपवर टाका, लायसन नंबर मी फिफाच्या यादीत तपासून देतो.