सिंक केल्याने लिंकेजचा प्ले जात नाही

“जुन्या चार कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलचं आयडलिंग वर-खाली होतंय? व्हॅक्युम गेज लावून सिंक करा, म्हणजे चारही कार्ब्युरेटर सारखे उघडतील असे जुळवा. लिंकेज (चारही कार्ब्युरेटर एकत्र उघडणारी दांड्या-पिनांची जोडणी) ढिली वाटली तर कडक स्प्रिंग टाका, ग्रीस भरा, पण ती उघडू नका. पार्ट मिळत नाहीत.” हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यापायी चांगल्या गाड्या खराब होतात.

सिंकच्या स्क्रूने एक स्लाइड (कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणारी सरकती झडप) दुसरीच्या मानाने किती वर राहील, एवढंच ठरतं. लिंकेजची पिन आणि ती ज्यात फिरते तो बुश झिजले असतील तर स्लाइड त्याच जागी परत येतच नाही. गेज लावूनच बघा: झटकन रेस देऊन सोडा, पुन्हा द्या, पुन्हा सोडा. दरवेळी काटे वेगळीकडे थांबले तर सिंक टिकणार कशी? (टॅपेट, टायमिंग, चिकटणारी केबल आणि इनटेकच्या रबरातली चीर मात्र त्याआधी तपासा.)

कडक स्प्रिंगने आयडलिंग सुधारतं, हे खरं आहे, कारण ती सगळा प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, एका बाजूला दाबून धरते. पण त्या दाबानेच पिन आणखी झिजते आणि मनगट भरून येतं. 1969 साली आलेल्या होंडा सीबी 750 ला सुरुवातीला चार कार्ब्युरेटरना चार केबल होत्या. पुढे लिंकेज आली, तेव्हा उघडायला एक आणि बंद करायला एक अशा दोन केबल दिल्या. बंद होणं एकट्या स्प्रिंगच्या भरवशावर सोडलं नव्हतं.

ग्रीसमध्ये धूळ अडकते आणि तोच लगदा पिन घासत राहतो.

राहिला पार्टचा प्रश्न. अख्खा सेट लागतोच कशाला? लंबगोल झालेलं भोक रीमरने गोल करून पितळी बुश दाबून बसवता येतो, पिन लेथवर बनते. उघडण्याआधी प्रत्येक स्प्रिंगचा, वॉशरचा फोटो काढा. जपानी कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रू ड्रायव्हरच वापरा. साध्या फिलिप्सने खाचा उडतात. रबर सील आणि प्लास्टिकचे बुश क्लीनरमध्ये बुडवू नका. जोडताना चारही स्लाइडखाली एकाच ड्रिल बिटची दांडी सरकवून फट सारखी करा, गेज त्यानंतर.

आणि इंजिन सुरू करण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून रेसची ग्रिप पिळून सोडा. दोन्हीकडे ती आपोआप, खटकन बंद झालीच पाहिजे. जराही रेंगाळली तर किक मारू नका.